न्हाव्याची खुर्ची, चर्चचं तळघर आणि एक जाड रंगाचं चित्र

नदीकाठचा | ६ मार्च २०२५, २१:४०

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना इथल्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या, आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर न्यावं लागतं. 'रॉकी' सिनेमातल्या त्या बॉक्सरसारखं धावत वर जायचं, हात उंचावायचे, फोटो काढायचा, झालं. आत जायची कुणाला हौस नसते. गेल्या महिन्यात पावसाने गाठलं म्हणून आम्ही आत शिरलो आणि मी एका चित्रासमोर अडकलो. पाहुणे कॉफी पिऊन परत आले तरी मी तिथेच उभा.

चित्र काही मोठं नाही. होरेस पिपिन नावाच्या कृष्णवर्णीय चित्रकाराचं, 'युद्धाचा शेवट: घरी निघताना'. १९३० ते १९३३ अशी तीन वर्षं तो या एकाच चित्रावर रंग चढवत होता. थरावर थर. शेणाने वर्षानुवर्षं सारवलेल्या कुडाच्या भिंतीला येतो तसा पोत आलाय. चौकटीवर लाकडात कोरलेले हातबॉम्ब, रणगाडे, हेल्मेटं, बंदुका चिकटवल्यात. चित्रात हात वर करून शरण येणारे जर्मन, काटेरी तारा, आकाशातून जळत कोसळणारी विमानं. नाव 'घरी निघताना', पण घर कुठेही दिसत नाही.

घरी येऊन वाचत बसलो. पिपिनचा जन्म १८८८ चा, गाव वेस्ट चेस्टर, माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर. पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पायदळ पलटणीत. सगळे शिपाई कृष्णवर्णीय. अमेरिकेच्या गोऱ्या पलटणींना त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढायचं नव्हतं, म्हणून त्यांना फ्रेंच सैन्याच्या हाती देऊन टाकलं. १९१८ च्या शरदात पिपिनच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली. खड्ड्यात पडून राहिला. वरून डोकावणाऱ्या एका फ्रेंच सैनिकाला तिथेच गोळी लागली आणि तो याच्या अंगावर कोसळला. याला हलता येईना. ते प्रेत अंगावर घेऊन तो तसाच पडून.

गावी परतला तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तुटपुंजी पेन्शन. बायको लोकांचे कपडे धुवायची, हा ते घरोघर पोचवायचा. पाचसहा वर्षं अशीच. १९२५ च्या हिवाळ्यात त्याने चुलीतली तापलेली लोखंडी सळई घेतली, ती गुडघ्यावर टेकवली आणि लाकडाची फळी तिच्याखालून सरकवत चित्र डागायला लागला. म्हणजे सळई स्थिर, चित्र हलतंय. पुढे ब्रश धरला तो उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन. युद्धाने माझ्यातली सगळी कला बाहेर काढली, अशा अर्थाचं तो स्वतःच म्हणून गेलाय.

माणूस धार्मिक. शेवटच्या वर्षांत त्याने यशया संदेष्ट्याच्या त्या वचनावर चित्रं काढली, लांडगा कोकराजवळ राहील, सिंह बैलासारखा कडबा खाईल, ते. 'पवित्र पर्वत' ही मालिका. पुढे हिरवळ, फुलं, पांढऱ्या झग्यातला मेंढपाळ, गुण्यागोविंदाने बसलेली जनावरं. पण मागच्या काळोख्या झाडीत नीट बघा: चिमुकले शिपाई, क्रूस, फासावर लटकणारा एक माणूस. चित्रांवर तारखा आहेत त्याही अशा: ६ जून १९४४, ७ डिसेंबर १९४४, ९ ऑगस्ट १९४५. नॉर्मंडीची चढाई, पर्ल हार्बरचा स्मृतिदिन, नागासाकी.

आता मूळ मुद्दा. मी केस कापायला ज्याच्याकडे जातो तो कृष्णवर्णीय आहे, साठीचा. त्याच्याकडे गिऱ्हाइकं केस कापून झाल्यावरही बसून राहतात. मी त्याला या चित्राबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "त्याने तीन वर्षं घेतली. माझ्याकडे लोक पंचवीस मिनिटांत तेच करायला बघतात."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्या पुरुषांना रडायची मुभा घरात नाही, रस्त्यावर नाही, आणि डॉक्टरकडे जायचा भरवसा नाही, ते कुठे जातात? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांबाबत उत्तर बऱ्याचदा चर्च, गाणंबजावणं, चित्र किंवा न्हाव्याची खुर्ची असं येतं. याने खरंच बरं वाटतं, की फक्त वेळ निघतो? जाणकारांनी लिहा.

---

चक्रम तात्या | ७ मार्च २०२५, ०३:१२

पहिला! आमच्याकडे उत्तर सोपं आहे. पुरुष कट्ट्यावर जातो, तिथे राजकारणावर भांडतो आणि घरी येऊन ढाराढूर झोपतो.

लेख आवडला हो. फ्रेंच सैनिकाचा भाग वाचून अंगावर काटा आला.

---

निमवैद्य | ७ मार्च २०२५, ०८:०५

मी नाशिकला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. 'डॉक्टरकडे जायचा भरवसा नाही' हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, तिथे थोडं थांबायला हवं. तो अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे.

१८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक 'आजार' शोधून काढला: ड्रेपटोमेनिया. लक्षण काय, तर गुलामाला पळून जावंसं वाटणं. उपाय काय, तर चाबूक. हसू नका, हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं.

टस्कीगीचं प्रकरण बहुतेकांना ऐकून माहीत असेल. अलाबामातले सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून १९७२ पर्यंत त्यांचं फक्त निरीक्षण केलं. चाळिशीच्या दशकात पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९७ मध्ये.

माझ्या शाखेचं पाप वेगळंच. मिशिगनमध्ये आयोनिया नावाचं मनोरुग्णालय होतं. साठच्या दशकात नागरी हक्कांची आंदोलनं पेटली आणि तिथे डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पुरुषांना भराभर स्किझोफ्रेनियाचं लेबल लागायला लागलं. १९६८ च्या निदान-पुस्तिकेत त्या आजाराच्या एका प्रकाराच्या वर्णनात 'वैरभाव' आणि 'आक्रमकता' हे शब्द आले. १९७४ मध्ये एका औषधाची जाहिरात छापली गेली, तिच्यात मूठ वळलेला संतापलेला काळा माणूस. म्हणजे जो आजार आधी घराघरातल्या गोऱ्या बायकांचा समजला जायचा, तो बघता बघता रागावलेल्या काळ्या पुरुषाचा झाला. त्यामुळे त्या समाजात उदास पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडताना आधी हिशोब करतो की आपल्या रागाचं हा काय करील.

आजही अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय शंभरात पाचच्या आसपास आहेत. आणि २०१८ ते २०२१ या काळात १० ते २४ वयाच्या कृष्णवर्णीयांतलं आत्महत्येचं प्रमाण ३६.६ टक्क्यांनी वाढलं, हा तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचाच आकडा.

---

तर्कट | ७ मार्च २०२५, १०:२२

निमवैद्य यांचा प्रतिसाद उत्तम. पण धाग्याची दिशा मला खटकते आहे. डॉक्टर वाईट वागले, म्हणून चर्च चांगलं? आपल्याकडे ज्याला आपण बुवाबाजी म्हणतो, ती अमेरिकेतली असली की 'श्रद्धा आणि उपचार' असं गोंडस नाव मिळतं काय? डिप्रेशन आलेल्या माणसाला "तुझी प्रार्थना कमी पडते" असं सांगणारे पाळकही असतीलच की. चित्रं काढून मेंदूतली रसायनं जागेवर येत नाहीत.

---

नदीकाठचा | ७ मार्च २०२५, १८:५०

तर्कट, असतात ना. त्याच सलूनमध्ये ऐकलंय. एकाच्या भावाने गोळ्या सुरू केल्या तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "तुझा येशूवरचा विश्वास उडाला का?" ते मी झाकत नाही.

पण 'चर्च विरुद्ध डॉक्टर' ही मांडणी इथे नेहमी लागू पडत नाही. आमच्या गावातलंच उदाहरण. रिचर्ड अॅलन हा पूर्वी गुलाम असलेला माणूस. इथल्या एका चर्चमध्ये काळ्यांना प्रार्थना करता करता गुडघ्यावरून उठवायला लागले, तेव्हा तो आणि त्याचे साथीदार उठून बाहेर पडले. १७९४ मध्ये त्याने मदर बेथेल चर्च उभं केलं, १८१६ मध्ये स्वतंत्र संप्रदाय. म्हणजे या चर्चची सुरुवातच 'इथे मला कुणी उठवणार नाही' इथून आहे. तिथे लोक देवासाठी जातात हे खरंच. पण बसायला जागा आपली असते, हेही आहे.

---

शिकागोची मावशी | ७ मार्च २०२५, २०:३१

नमस्कार मंडळी. मी इथे सव्वीस वर्षं आहे. पूर्वी माझ्याबरोबर कामाला असलेल्या एका बाईंनी मला त्यांच्या चर्चमध्ये नेलं होतं. आपल्या देवळात कसं, जो तो आपापलं पुटपुटतो. तिथे पाळक एक ओळ बोलला की समोरून उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर तो थांबतो. एक धिप्पाड आजोबा सबंध वेळ रडत होते आणि कुणीही वळून बघत नव्हतं. हे मला फार मोठं वाटलं. नाहीतर आपल्याकडे कुणी पुरुष रडला की तीन जण पाण्याचा पेला घेऊन धावतात आणि तो बिचारा गप्प होतो.

ज्या गाण्यांवर ते रडतात ती गॉस्पेल गाणी घडवणारा माणूस शिकागोचाच, थॉमस डॉर्सी. पाळकाचा मुलगा, पण पिंड ब्लूजचा. 'जॉर्जिया टॉम' या नावाने पेटीच्या, म्हणजे पियानोच्या, जोरावर चावट गाणी गायचा. विशीत त्याला नैराश्याने दोनदा पार आडवं केलं होतं, वाजवणं बंद पडलं. सावरून चर्चसाठी लिहायला लागला तर जुन्या वळणाच्या चर्चांनी हे दारूच्या गुत्त्यातलं संगीत म्हणून दार लावलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो दौऱ्यावर असताना बायको बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही. त्यानंतर काही दिवसांनी त्याने जे लिहिलं ते 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड'. माझा हात धर, एवढंच मागणं.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसच्या त्या बाल्कनीत मार्टिन ल्यूथर किंग यांनी खाली उभ्या असलेल्या वादकाला संध्याकाळच्या सभेत हेच गाणं वाजवायला सांगितलं, आणि पुढच्या क्षणी गोळी लागली. अंत्यविधीला ते महालिया जॅक्सन यांनी गायलं.

डॉर्सी त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगला हो. गाण्याने बरं होतं की नाही ते मला माहीत नाही, पण गाणं नसतं तर काय झालं असतं, हेही कुणी सांगू शकत नाही.

---

कोमल ऋषभ | ७ मार्च २०२५, २३:१५

मावशी, 🙏. फिलाडेल्फियाचा विषय निघालाय आणि अजून कोल्ट्रेनचं नाव कसं आलं नाही?

जॉन कोल्ट्रेन. जॅझ, सॅक्सोफोन. आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही आजोबा पाळक. फिलीत उत्तर ३३ व्या रस्त्यावर त्याचं घर होतं. हेरॉईन आणि दारू दोन्ही. १९५७ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला बँडमधून काढून टाकलं, कारण हा मंचावर पेंगायचा. त्या वर्षी तो फिलीतल्या घरी खोलीत बसला आणि व्यसन मोडलं. कुठलंही केंद्र नाही. (निमवैद्य ओरडतील. ओरडू देत, हे घरी करणं धोक्याचंच.) त्या वर्षात आपल्याला आध्यात्मिक जाग आली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

त्या जागृतीची परतफेड म्हणून सात वर्षांनी, ९ डिसेंबर १९६४ ला, चौघांनी एका बैठकीत 'अ लव्ह सुप्रीम' ध्वनिमुद्रित केलं. चार भाग. शेवटच्या भागात कोल्ट्रेनने देवाला उद्देशून लिहिलेली स्वतःची कविता आहे, पण ती कुणी म्हणत नाही. तो ती सॅक्सोफोनवर वाजवतो, शब्दाशब्दाने. कागद समोर ठेवून ऐका, प्रत्येक ओळीचा श्वास कळतो. मी पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा सबंध विलंबित ख्याल ऐकल्यासारखा बसून राहिलो.

आपला धागा जुळतो तो असा: पं. रविशंकरांवर त्याचा जीव, मुलाचं नाव रवी. तो १९६७ मध्ये चाळिसाव्या वर्षी यकृताच्या कॅन्सरने गेला. बायको अॅलिस, स्वतः मोठी वादक, त्या दुःखातून वाट काढत भारतात आली आणि पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढून तिथे भजनं म्हणायला लागली. संस्कृत भजनं, मागे डेट्रॉइटच्या चर्चमधला ऑर्गन. मिळालं तर जरूर ऐका.

---

चक्रम तात्या | ८ मार्च २०२५, ०३:२७

आत्ता ऐकलं. शेवटचा भाग दोनदा. काही कळलं नाही, पण बंद करवलं नाही.

(बायको म्हणाली, रेडिओ बिघडलाय का.)

---

तर्कट | ८ मार्च २०२५, ०९:४८

एक कोल्ट्रेन सुटला म्हणून सांगता, न सुटलेल्यांचं काय? डॉनी हॅथवे. आजीबरोबर लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा, देवदत्त गळा. श्रद्धाही होती, कलाही होती. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं. जानेवारी १९७९ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी गेला. ज्यांना गाण्याने बरं वाटलं त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो, याला काय म्हणतात ते निमवैद्यांना ठाऊक आहे.

---

निमवैद्य | ८ मार्च २०२५, ११:३०

तर्कट यांच्याशी पूर्ण सहमत. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांत औषध लागतंच आणि नियमित लागतं. त्यात तडजोड नाही.

पण माझ्या ओपीडीतला निम्मा प्रश्न औषध कोणतं हा नसतोच. माणूस माझ्या दारापर्यंत येतच नाही, हा असतो. म्हणून मला न्हाव्याच्या खुर्चीचं अप्रूप वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये झालेलं काम आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ५२ सलून, ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं, सगळ्यांना रक्तदाब. निम्म्या सलूनमध्ये न्हाव्याने फक्त "डॉक्टरकडे जा" सांगितलं. उरलेल्यांत फार्मासिस्ट थेट दुकानात येऊन तपासून औषध द्यायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी ९ ने उतरला, दुसऱ्याचा २७ ने. औषधं नेहमीचीच हो. जागा बदलली.

हे रक्तदाबाचं झालं, मनाचं नव्हे. पण तिथेही हात घातला गेलाय. आर्कान्सामधल्या लोरेन्झो लुईस याने २०१६ मध्ये 'कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला. स्वतः तुरुंगात जन्मलेला मुलगा, पुढे नैराश्यातून गेलेला. न्हाव्यांना शिकवतात ते उपचार करायला नाही. नीट ऐकायला, मध्येच उपदेश न करायला, आणि कधी पुढे पाठवायचं ते ओळखायला.

---

वस्तरा | ८ मार्च २०२५, १४:१०

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. आमचं सलून आहे, सातारा जिल्ह्यात. आजोबांपासून. आधी बलुतं, मग झाडाखाली, मग टपरी, आता एसी.

माणूस खुर्चीत का बोलतो याचं कारण डॉक्टरसाहेबांनी लिहिलं नाही म्हणून सांगतो. समोरासमोर बसलं की माणूस बोलत नाही. आमच्याकडे तो माझ्याकडे बघत नसतो, आरशात बघत असतो. मी मागे. दोघंही त्याच्याच तोंडाकडे बघतोय. शिवाय अंगावर कापड, हात आत अडकलेले, मोबाईल धरता येत नाही. गळ्याशी वस्तरा आहे आणि तरी तो डोळे मिटतो, म्हणजे भरवसा आधीच टाकलेला असतो. बोलायला वेगळा टाकावा लागत नाही.

कर्ज, जमीन, बायको माहेरी गेली, सगळं कानावर येतं. आजोबा म्हणायचे, ऐकलेलं केसाबरोबर झाडून टाकायचं. पण दोन वर्षांमागे एक गिऱ्हाईक असं काही बोलून गेलं की मी झाडून टाकलं नाही, दुकान तसंच पोरावर सोडून त्याच्या भावाकडे गेलो. बरं झालं गेलो. एवढंच लिहितो.

मला असलं शिक्षण कुणी दिलं असतं तर घेतलं असतं.

---

नदीकाठचा | ८ मार्च २०२५, १८:२०

वस्तरा, तुमचा प्रतिसाद मी उद्या माझ्या न्हाव्याला वाचून दाखवणार आहे, इंग्रजी करून. आरशाचं मी अकरा वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

---

निळी पहाट | ८ मार्च २०२५, १९:०२

चांगला धागा. एक नोंदवून ठेवतो, कारण इथे बहुतेकांना हा विषय 'परदेशातला' वाटतोय. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, तुमच्या आणि आमच्या स्थितीत इतकं साम्य आहे की अभ्यास करणं भाग आहे, अशा आशयाचं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. पण आम्ही तिथून संताप उचलला, निबंध लिहिले, मोर्चे काढले. त्या माणसांची झोप कशी होती, हे कुणी विचारलं नाही. आमच्याही कुणाची विचारली नाही.

माझे वडील जयंतीला रात्रभर भीमगीतं गायचे. ढोलकी, कोरस, पहाटेपर्यंत. एरवी घरात चार शब्द बोलायचे नाहीत. गाणं संपलं की दोन दिवस माणूस हलका असायचा, चहा स्वतः करायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. मला तो दोन दिवसांचा चहा आठवतो. 'वेळ निघतो की बरं वाटतं' हा धागाकर्त्याचा प्रश्न मला म्हणून जरा सुखवस्तू वाटला. दोन दिवस कमी असतात का?

---

कुंचला | ८ मार्च २०२५, २२:४४

निळी पहाट, हे फार आत लागलं.

चित्रांकडे परत येते. जेकब लॉरेन्स. १९४०-४१ मध्ये दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांवर त्याने ६० चित्रांची मालिका केली, तेव्हा वय अवघं तेवीस-चोवीस. दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली, सम आकड्यांची एकाला, विषम दुसऱ्याला. (भाऊबंदकीत शेत वाटतात तसं.) नाव, पैसा सगळं आलं. आणि १९४९ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, तो आपल्या पायांनी न्यूयॉर्कच्या हिलसाइड या मनोरुग्णालयात दाखल झाला. 'आपल्या पायांनी' हे निमवैद्यांचा पहिला प्रतिसाद वाचल्यावर किती मोठं आहे ते कळतं. तिथे असताना आणि लगेच नंतर त्याने ११ चित्रं काढली: गोळ्यांकडे बघत उभे असलेले रुग्ण, खाली मान घालून चालणारे रुग्ण, बागकाम करणारे, चित्र काढणारे. वेड्यांचं इस्पितळ म्हटल्यावर जे भेसूर अपेक्षित असतं ते नाहीच. रंग मात्र आधीच्यापेक्षा मऊ. पुढे पन्नास वर्षं काम केलं त्याने.

दुसरं टोक जेम्स हॅम्प्टन. वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतींत रात्रपाळीचा झाडूवाला. एक गॅरेज भाड्याने घेतलेलं. पाळी संपली की मध्यरात्रीनंतर तिथे जायचा आणि पुठ्ठा, जुनं फर्निचर, जळके बल्ब यांना चांदी-सोन्याचा वर्ख लावून देवासाठी सिंहासन घडवायचा. चौदाएक वर्षं. १९६४ मध्ये तो वारला तेव्हा घरमालकाने गॅरेज उघडलं आणि आत १८० वस्तूंचं झळझळीत देवघर. आता ते स्मिथसोनियनमध्ये आहे. त्याला कुठला आजार होता का, हे विचारू नका. कुणी तपासलं नव्हतं आणि मेल्यावर तपासायचा आपल्याला अधिकार नाही. सिंहासनाच्या माथ्यावर त्याने दोनच शब्द लावलेत: 'भिऊ नकोस'.

---

चक्रम तात्या | ९ मार्च २०२५, ०३:०५

अक्कलकोट!!

सबंध महाराष्ट्रातल्या रिक्षांच्या मागे तेच लिहिलंय की. 'मी तुझ्या पाठीशी आहे' एवढं लिहायला पुठ्ठा कमी पडला असेल बिचाऱ्याला.

गंमत सोडा, रात्रपाळी करून येऊन, एकटा, कुणाला न दाखवता... चौदा वर्षं...

---

पिंपळपान | ९ मार्च २०२५, ०९:१५

सगळे जुन्या काळात अडकलेत, मी जरा अलीकडचं सांगतो. २०१६ च्या ऑक्टोबरात किड कडी या रॅपरने फेसबुकवर लिहिलं की मी नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांसाठी उपचार केंद्रात भरती होतोय, आणि मला याची लाज वाटते. त्यावर ट्विटरवर कृष्णवर्णीय पुरुषांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली, 'यू गुड, मॅन?' आपल्या भाषेत, "बरंय ना रे?" त्याच तीन शब्दांखाली हजारोंनी आपापलं लिहिलं. मी तेव्हा अकरावीत होतो, हॉस्टेलवर. मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, "का रे, मेस बंद आहे का?" :)

---

नदीकाठचा | ९ मार्च २०२५, १०:५०

मला सगळ्यात मोलाचं जे सापडलं ते शेवटी देतो, कारण तर्कट आणि निमवैद्य दोघांनाही ते लागू आहे.

मार्च १९४६, हार्लेम. सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चच्या तळघरात एक मानसोपचार दवाखाना उघडला, लाफार्ग क्लिनिक. डॉक्टर फ्रेड्रिक वर्थम (हो, पुढे कॉमिक्सच्या मागे हात धुऊन लागला तोच), त्याच्या पाठीशी कादंबरीकार रिचर्ड राइट, आणि जागा दिली चर्चचे पाळक शेल्टन हेल बिशप यांनी. आठवड्यातून दोन संध्याकाळी. डॉक्टर, समाजसेवक सगळे बिनपगारी. फी २५ सेंट, ज्याला जमेल त्याने. कोर्टात साक्ष द्यायची असेल तर ५० सेंट. लेखक राल्फ एलिसन यानेही त्यावर लिहिलं. त्याचा रोख असा की हार्लेमच्या माणसाला "कसा आहेस?" विचारलं तर तो उत्तर देतो, "कुठेच नाही."

म्हणजे खाली डॉक्टर, वर प्रार्थना, आणि मध्ये लेखकाची खटपट. पाळकाने कुणाला 'गोळ्या नको, प्रार्थना कर' म्हटलं नाही, आणि डॉक्टरने कुणाला 'तुझा राग हाच आजार' म्हटलं नाही. उलट वर्थमने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो हे तपासून डेलावेअरच्या कोर्टात साक्ष दिली, आणि तो खटला पुढे १९५४ च्या शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या निकालाचा भाग झाला. २५ सेंटवाल्या तळघरातून. सरकारी पैसा मात्र कधी धड मिळाला नाही. १९५८ मध्ये बंद पडलं.

फिलीतही भित्तिचित्रांच्या संस्थेचा शहराच्या मानसिक आरोग्य खात्याबरोबर 'पोर्च लाइट' नावाचा उपक्रम आहे, व्हरांड्यातला दिवा. रुग्ण, शेजारीपाजारी, चित्रकार मिळून भिंत रंगवतात. पुढच्या वेळी पाहुणे आले तर पायऱ्या रद्द, भिंती दाखवणार.

---

तर्कट | ९ मार्च २०२५, १३:३३

लाफार्गबद्दल आक्षेप नाही. हे आधी लिहिलं असतंत तर माझे दोन प्रतिसाद वाचले असते.

---

वस्तरा | ९ मार्च २०२५, १९:४०

तात्या, एक विचारू का. तुमचे तिन्ही प्रतिसाद पहाटे तीनच्या आसपासचे आहेत. कट्ट्यावर भांडून ढाराढूर झोपता म्हणालात.

---

चक्रम तात्या | ९ मार्च २०२५, २०:०८

न्हावी तो न्हावीच. :)

नोव्हेंबरपासून जमत नाहीये हो झोप. असंच.

---

वस्तरा | ९ मार्च २०२५, २०:११

व्यक्तिगत निरोपात नंबर टाकलाय. उद्या सोमवार, दुकान बंद असतं. सकाळी दहानंतर कधीही.